दर शनिवारी थोडं लाकूड

मला लवकर संपणारी कामं आवडतात. शनिवारी सकाळी हाती घेतलं आणि रविवारी संध्याकाळी बरणीत भरून झाकण लावलं, असं काहीतरी. माझ्या नवऱ्याने मात्र असा छंद शोधून काढला की ज्याच्यासाठी आधी लाकूड चार वर्षं नुसतं वाळत ठेवावं लागतं.

आम्ही नेदरलँड्समध्ये झूटरमेरला राहतो. म्हणजे आता मी राहते, पण जिभेला अजून तशी सवय लागलेली नाही. तो ॲमस्टरडॅमच्या झुइडासमधल्या एका बँकेचे डेटाबेस सांभाळायचा. दिवसभर ज्या गोष्टी सांभाळायच्या त्या हाताला लागतच नाहीत, म्हणून घरी आल्यावर हाताला लागेल असं काहीतरी हवं, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, भांडी आहेत की. त्याने भांडीही घासली आणि वाखनिंगनजवळच्या एका निवृत्त डच सुताराकडे जाऊन इंग्लिश लाँगबो, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं जुन्या पद्धतीचं धनुष्य, बनवायलाही तो शिकायला लागला.

हे धनुष्य यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं करतात. डच लोक त्याला ताक्सुस म्हणतात आणि आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांना त्याचंच कुंपण आहे. झाड विषारी. पानं विषारी, बी विषारी, लाकडाचा भुसासुद्धा नाकातोंडात जाऊ द्यायचा नाही. असलं लाकूड मी घरात येऊ देणार नाही म्हटल्यावर त्याने ते मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ठेवलं. सुताराच्या ओळखीच्या कुणाच्या बागेत एक जुनं झाड वादळात पडलं होतं, त्याचा उभा चिरलेला तो तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावून, आडवा ठेवून, हा माणूस दर काही दिवसांनी त्याला बघायला जायचा. आम्हाला मूल नाही. पाळण्यात डोकावून येतात तसा तो शेडमध्ये डोकावून यायचा, आणि मी त्याला तसं चिडवायचेही. तोही हसायचा.

यूच्या लाकडात दोन रंग असतात. सालीलगतचा थर पांढुरका आणि आतला गाभा नारिंगी-तांबूस. पांढरा थर ताण सोसतो, तांबडा दाब सोसतो, आणि दोन्ही एकाच तुकड्यात मिळतात म्हणून जुन्या इंग्रजांनी हेच लाकूड निवडलं, हे मला जेवताना, भाजी चिरताना आणि एकदा डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्येही ऐकवण्यात आलं आहे. पांढरी बाजू बाहेर ठेवायची, ती धनुष्याची पाठ. तिच्यावरचं वर्षाचं वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राखायचं, तिला हत्यार लावायचं नाही. तांबडी बाजू आपल्याकडे, ते पोट. जे काय खरवडायचं ते पोटावरून.

लाकूड वाळलं आणि एका हिवाळ्यात त्याने धनुष्य केलं. शेडच्या भिंतीवर ते आडवं टांगायचं, कप्पीवरून दोरी खाली ओढायची आणि मुठीच्या दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते लांबून बघायचं. जिथे कमी वाकतं तिथे पोलादी पट्टीने थोडंसं खरवडायचं. एकदा काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे पाच मिनिटं खरवडलं की अर्धा तास नुसतं बघत बसायचं. मी खिडकीतून बघायचे तेव्हा तो नेहमी त्या अर्ध्या तासातच असायचा.

धनुष्य पूर्ण ओढायला किती जोर लागतो ते पौंडात मोजतात. त्याचं पन्नास पौंडांचं झालं, त्याच्या हातांना आणि छातीला बरोबर बेतलेलं. दोन्ही टोकांना त्याने दोरी अडकवायला म्हशीच्या शिंगाच्या खाचा बसवल्या. पहिल्यांदा दोरी कानापर्यंत ओढून त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं. तोंडाने मात्र मी म्हटलं की आता शेड आवर.

एकच उन्हाळा त्याने ते पोल्डरमधल्या, म्हणजे पाणी उपसून केलेल्या सखल जमिनीवरच्या, मैदानावर मनसोक्त चालवलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेलो, तिने थांबून बघू म्हटलं, मग हॉस्पिटल, मग मोठं हॉस्पिटल. त्या आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याला एवढा मान द्यायची माझी इच्छा नाही. स्नायूंपर्यंत निरोप नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात आणि त्यावर औषध नाही, एवढं पुरे.

त्याच्या आईला आम्ही एवढंच सांगितलं की नसांचा अशक्तपणा आहे, व्यायामाने सुधारतो. आई पुण्याला कोथरूडमध्ये एकट्या राहतात. सासरे गेल्यापासून त्यांनी स्वतःचं सगळं स्वतः केलं, बँक, गॅस, सोसायटीच्या मीटिंगमधली भांडणंसुद्धा. अशक्तपणा म्हटल्यावर गणपती उठले आणि त्या डिंकाचे लाडू घेऊन दोन महिन्यांसाठी आल्या.

तो रोज संध्याकाळी अंगणात धनुष्य घेऊन उभा राहायचा. दोरी छातीच्या अलीकडेच थांबायची. हात थरथरायला लागायचे आणि तो ती हळूच परत आणायचा. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या आणि मग नळ मोठा सोडून धुतलेलीच वाटी पुन्हा धुवायच्या. ते धनुष्य त्यांना कळत नव्हतं, पण दोरी कुठपर्यंत येते ते कळत होतं. सकाळी मला विचारायच्या, काल जास्त आली का गं? मी म्हणायचे, हो, थोडी.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते आणि त्या दिवशी ती वापरायची नसतात. आईंनी हॉलमध्ये पाट मांडले. दोन लॅपटॉप, मिक्सर, गाडीची किल्ली, त्याच्या फिट्सचा, म्हणजे सायकलचा पंप, कारण अख्खी फिट्स मी आत येऊ दिली नाही. आणि धनुष्य. दोरी काढलेला लाँगबो नुसत्या सरळ काठीसारखा दिसतो. आईंना ते पटेना. ही काठी देवापुढे कशाला, त्या म्हणाल्या, धनुष्य आहे तर धनुष्यासारखं दिसू दे. त्याने समजावलं की वापर नसताना दोरी लावून ठेवली की लाकूड थकतं. त्या म्हणाल्या, एका दिवसाने काय होतंय? टोकांचं शिंग गाईचं नाही ना, एवढी खात्री करून घेतली, म्हशीचं आहे म्हटल्यावर त्यांची हरकत संपली.

त्याने दोरी माझ्या हातात दिली. दोरी लावायला त्याच्या हातात जोर नव्हता, म्हणून त्याच्या सांगण्याप्रमाणे मी लावली. अंगणात जाऊन खालचं टोक बुटाला टेकवलं, मधे गुडघा दाबला आणि वरचा फास खाचेत सरकवला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या लाकडाला हात लावत होते. आईंनी मुठीवर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. पूजा दसऱ्याला सकाळी उचलायची, तोवर हलवायचं नाही. त्यांना थंडी वाजत होती म्हणून त्या दिवशी आम्ही त्या मोसमात पहिल्यांदा हीटिंग लावलं, आणि पाट नेमके रेडिएटरजवळ होते.

दसऱ्याला सकाळी त्यांनी अक्षता टाकून पूजा हलवली आणि धनुष्य त्याच्या हातात दिलं. ओढ बघू, म्हणाल्या. तो अंगणात गेला. दोरी छातीशी आली, पुढे सरकली, आणि कानापाशी जाऊन थांबली. तो स्वतःच चमकला. आईंनी तोंडाला पदर लावला. त्या आत धावल्या, देवापुढे साखर ठेवली, पुण्याला तीन ठिकाणी फोन केले. आणि मी? मी शहाणी, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आयुष्य घालवलेली, मीही क्षणभर मानलं. डॉक्टर चुकले असतील, असं मी खरोखर मनात म्हटलं. तो आनंद इतका मोठा होता की अजून आठवला तरी मला त्याची भीती वाटते.

तो माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"बो नरमलाय गं," तो म्हणाला. "अख्खा दिवस आणि रात्र दोरी लावलेली, वरून हीटिंग. मला ओढतानाच कळलं. माझे हात तेच आहेत."

मी म्हटलं, मग सांग त्यांना. हॉलमधून आईंचा फोनवरचा आवाज येत होता. इतका मोकळा आवाज मी त्या आल्यापासून ऐकला नव्हता.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तिला."

त्या परत गेल्या तेव्हा स्किफोल विमानतळावर त्यांनी आपला बेत बदलल्याचं सांगितलं. व्हिसाच्या नियमाप्रमाणे त्यांना फेब्रुवारीत पुन्हा येता आलं असतं आणि त्यांनी तसंच ठरवलं होतं. पण आता तो सुधारतोय म्हटल्यावर एवढ्या थंडीत गुडघे घेऊन कशाला यायचं, त्या मे महिन्यात येतील, छान ऊन असताना. फक्त दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने धनुष्य ओढून दाखवायचं. त्याने हसून कबूल केलं. मी सुटकेसच्या चाकांकडे बघत होते.

तर असं सुरू झालं. रविवारी तो अंगणात उभा राहायचा, फोन हिरव्या कचऱ्याच्या डब्यावर टेकवलेला. अंगात जाड जाकीट, म्हणजे हातांच्या काड्या दिसत नाहीत. तो ओढायचा, कानाशी एक श्वासभर धरायचा, परत आणायचा. बाण कधी लावायचा नाही, कारण सोडून सावरण्याएवढी ताकद नव्हती. आई म्हणायच्या, वा. मग तो म्हणायचा, इथे फार वारा आहे आई, आत जातो. तीन आठवडे निभलं. चौथ्या शनिवारी त्याने करून बघितलं तर दोरी गालाच्या अलीकडेच अडकली.

त्या शनिवारी त्याने मला शेडमध्ये बोलावलं आणि मास्क लावायला सांगितलं. पोलादी पट्टी माझ्या हातात दिली. पोटावरून थोडं लाकूड काढलं की धनुष्य हलकं होतं, तेवढंच काढायचं. लाकूड काढणं त्याच्या हातांना जमणार नव्हतं, सांगणं जमणार होतं. मी सुताराला फोन केला, की हे बरोबर आहे का. तो म्हणाला की इतकं चांगलं धनुष्य बिघडवण्यापेक्षा मी त्याला एक हलकं देतो. पण आई ते ओळखणार. मुठीवर त्यांच्या कुंकवाचा डाग होता, जरा वर एक गाठ होती, आणि त्यांची नजर सोसायटीच्या हिशेबातली खोट काढणारी. मग सुतारानेच मला पट्टी कशी धरायची ते फोनवर सांगितलं.

मी पट्टी धरली. पातळ, कुरळे, तांबूस पापुद्रे निघायचे. तो खुर्चीत बसून सांगायचा. मधे नको, टोकाकडे. थांब. आता ओढून दाखव. डावीकडचं जास्त गेलं की उजवीकडचं काढायचं, उजवीकडचं जास्त झालं की पुन्हा डावीकडे, पडद्याची कड सारखी करता करता पडदाच आखूड व्हावा तसं. मी चिडायचे. तो म्हणायचा, घाई करू नकोस, बघ आधी. आणि मग आम्ही दोघंही तो अर्धा तास नुसते बघत बसायचो. ज्या अर्ध्या तासावरून मी त्याला एवढे टोमणे मारले, तो आता मला संपायला नको असायचा. मला त्याच्यावर इतकं प्रेम कधीच वाटलं नव्हतं आणि त्या लाकडाचा इतका रागही कधी आला नव्हता.

नोव्हेंबरात एकदा, डिसेंबरात दोनदा. जानेवारीपासून दर शनिवारी. धनुष्य बारीक होत गेलं आणि तोही. आपण किती काढलं ते मी मोजत नव्हते, तो मात्र लाकडाकडे बघूनच ओळखायचा. एकदा सहज म्हणाला, आता हे एखाद्या शाळकरी मुलीला बरोबर होईल. मी पट्टी खाली ठेवली.

"फेब्रुवारीत येऊ दे त्यांना," मी म्हटलं. "मी आत्ता फोन करते."

"काय बघायला येऊ दे? तू मला भरवतेस ते?" तो म्हणाला. "ती तिकडे नीट जेवतेय, झोपतेय. रविवारी पाच मिनिटं मी तिला बरा दिसतो. प्लीज, तेवढं तोडू नकोस."

त्याचं शरीर त्याच्या हाती राहिलं नव्हतं. जे काही त्याच्या हाती उरलं होतं त्यात हे एक होतं, आईचं मन कशाने निवांत राहील ते ठरवणं. ते मी काढून घेणं मला बरोबर वाटलं नाही. मी पट्टी पुन्हा उचलली.

शेवटचा रविवार मार्चमधला. त्याच्या डाव्या हाताला मूठ धरवेना. मी क्रेप बँडेजने हात मुठीला बांधला आणि वरून लोकरीचा हातमोजा चढवला. त्याला उभं राहवत नव्हतं, म्हणून बागेतल्या उंच स्टुलावर बसवलं आणि फोन असा ठेवला की कमरेच्या वरचंच दिसेल. त्याने ओढलं. कानापर्यंत आलं, कारण आदल्या दिवशी मी जवळपास सगळंच काढलं होतं. आई म्हणाल्या की मेचं तिकीट काढलंय, खिडकीजवळची जागा मिळालीय. तो म्हणाला, छान. फोन बंद झाल्यावर त्याने डोकं माझ्या पोटाशी टेकवलं आणि मी त्याचा हात सोडवत राहिले.

त्याच आठवड्यात त्याला ताप आला. छातीत कफ भरला, आणि ज्याला खोकण्याचीही ताकद नाही त्याचं पुढे काय होतं ते डॉक्टरांनी आम्हाला आधीच समजावलं होतं. गुरुवारी तो गेला. मी आईंना फोन केला. त्यांनी ऐकलं आणि अगदी शांत आवाजात, जणू माझी काहीतरी चूक होतेय अशा समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, पण रविवारी तर त्याने ओढलं."

मिळेल त्या विमानाने त्या आल्या. व्हीलचेअरवरून बाहेर आल्या आणि मला बघून उठून उभ्या राहिल्या. अंत्यसंस्काराच्या आधी त्यांनी त्याला बघितलं. त्याचे हात बघितले. जाकीट नव्हतं, बाह्या सैल होत्या, आणि त्यांनी एक बाही वर सरकवून पुन्हा नीट खाली केली. घरी आल्यावर त्यांनी पोळ्या केल्या, कपड्यांच्या घड्या घातल्या.

काही दिवसांनी दुपारी त्या शेडमध्ये गेल्या आणि धनुष्य घेऊन आत आल्या. मला म्हणाल्या, दोरी लाव. मी लावली. खंडेनवमीला गुडघ्याने दाबावं लागलं होतं, आता नुसत्या तळहाताने वाकलं. त्यांनी ते बघितलं. मग धनुष्य माझ्या हातातून घेतलं, त्याच्यासारखी डाव्या हातात मूठ धरली आणि उजव्या हाताने दोरी ओढली. चटणीच्या बरणीचं झाकण उघडायला या बाई मला हाक मारतात. दोरी कुठेही न अडता त्यांच्या कानापाशी आली.

मला तेव्हा एवढंच सुचलं की बाणाशिवाय दोरी सुटली तर लाकूड तुटेल. सोडू नका आई, मी म्हटलं, हळूच परत आणा. त्या तशाच उभ्या राहिल्या, दोरी कानाशी धरून. मग सावकाश परत आणली. धनुष्य उलटं करून पोटावरून अंगठा फिरवला, मी खरवडलं होतं तिथून तिथपर्यंत.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दसऱ्यापासूनच. मग सगळं सांगितलं, रेडिएटर, पट्टी, बँडेज. त्या मान हलवत ऐकत होत्या. मला वाटलं, रागावतील. मी तयारही होते.

"मला झेपणार नाही असं वाटलं त्याला," त्या म्हणाल्या. "अगं, मी फेब्रुवारीत आले असते. त्याला माझ्या हाताने भरवलं असतं."